दारातली परीक्षा कोणाची?

प्रवेश देण्याआधी माणसाची परीक्षा घेणे न्यायाचे की अन्यायाचे? मास्तर लोक म्हणतील, ह्यात न्याय-अन्याय कसला, ही तर सोयीची गोष्ट. पण ज्यांच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभं केलं, त्यांना दाराशी घडणारी कोणतीच गोष्ट नुसती सोयीची वाटत नाही. म्हणून हा प्रश्न आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच शोधायचं.

अर्ज ही वस्तू आपल्याला नवी नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने उत्तर काय दिलं? तत्त्वाने पाहिलं तर न्याय ह्या मुलाच्या बाजूला आहे, पण एकट्यासाठी बाकीची पोरं शाळा सोडून जातील, शाळाच निरुपयोगी होईल, तेव्हा प्रवेश देता येत नाही. नीट वाचा. तो मुलगा नापास झाला नव्हता. त्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. न्याय मान्य करून दार लावून घेतलं. १८५८ साली लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी शाळा सगळ्यांसाठी आहेत. कागद आला, पण शाळेतली जमीन, पाणी, बाक वाटलेलेच राहिले.

पुढे दार किलकिलं झालं तेव्हा आत कुठे बसायचं हे ठरवायला जात होतीच. बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं. शिक्षकाने शिकवायला नकार दिला, म्हणून फारसी घ्यावी लागली. कोणी त्यांची बुद्धी तपासून ‘तुला फारसी बरी’ असं सांगितलं नव्हतं. तपासला तो जन्म. व्यवस्थेची परीक्षा अशी असते. प्रश्नपत्रिका निघण्याआधीच निकाल लागलेला असतो.

आता आमच्या नाशिकचं बघा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या जिद्दीने तो वर्षानुवर्षं चालला. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की देवळात जाऊन आपले प्रश्न सुटणार नाहीत. ही परीक्षा आहे ती हिंदू मनाची, ते आम्हाला माणूस मानायला तयार आहे की नाही याची. दारे बंद राहिली. १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्या परीक्षेचा निकाल बाबासाहेबांनी जाहीर केला: हिंदू म्हणून मरणार नाही.

माझ्या मते सगळा विचार ह्या ठिकाणी उलटा होतो, म्हणजे सुलटा होतो. दाराशी उभा असलेलाच परीक्षा देतो असं नाही. दार ज्याच्या ताब्यात आहे तोही परीक्षेला बसलेला असतो. फक्त त्याच्या उत्तरपत्रिकेवर कोणी गुण देत नाही.

‘पात्रता’ हा शब्दच घ्या. कोण कशाला पात्र आणि कोण अपात्र, हे ठरवण्याचा धंदा ह्या देशात फार जुना आहे. शंबूक अपात्र, एकलव्य अपात्र. एकलव्याची गंमत अशी, की विद्येत तो उतरला म्हणूनच त्याचा अंगठा गेला. आज प्रवेश अर्जावर ‘पात्रता’ हा रकाना वाचताना हे सगळं आठवू नये असं कोणाला वाटत असेल तर वाटो. आम्हाला आठवतं.

तरीपण मी प्रवेशाची प्रत्येक चाचणी मनुवादी ठरवत नाही. नकार द्यायचा तर डोळे उघडे ठेवून द्यावा.

जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ज्ञानगंगा घरोघरी, हे त्याचं ब्रीद. त्याआधी १९८५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी दूरशिक्षणात एक वाट काढून ठेवली होती. बारावी नाही, शाळेचा कागद नाही, पण वय एकवीस पुरं आहे, तर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन पदवीला बसता येत होतं. मुक्त विद्यापीठाने ह्या वाटेला पूर्वतयारी अभ्यासक्रमाचं रूप दिलं आणि अनेक वर्षं ती चालवली. आधी पुस्तक हातात द्यायचं, मग परीक्षा, मग बी. ए. च्या पहिल्या वर्षाला नाव.

त्या काळात नाशिकरोडला आमच्या वस्तीत मी बऱ्याच जणांचे अर्ज भरून दिले. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी एक बाई अर्ज घेऊन आली. वय चाळिशीच्या पुढे, शाळा चौथीत सुटलेली. नाव, जात, जन्मतारीख लिहून झाली. मग तिनं विचारलं, ‘‘दादा, हे पूर्वतयारी म्हंजी काय? आमची तयारी नव्हती, की त्यांची नव्हती?’’

तत्त्वज्ञानाचं कोणतंही पुस्तक मला ह्यापेक्षा नेमका प्रश्न देऊ शकलेलं नाही. चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला तिला घरी बसवलं. पुढची शाळा लांब होती, मजुरी जवळ होती. ह्यात तिची अपुरी तयारी कोणती? तयारी अपुरी होती ती समाजाची, सरकारची. मग परीक्षा तिची का?

माझं उत्तर असं. परीक्षा दोन जातींच्या असतात. एक विचारते, तू कोण, तुझी लायकी काय? दुसरी विचारते, आम्ही तुला कुठून शिकवायला सुरुवात करू? वरून दोन्ही सारख्याच दिसतात. तोच कागद, तोच पर्यवेक्षक, तीच घंटा. ओळखायची खूण एकच: नापास झाल्यावर ओझं कोणाच्या डोक्यावर जातं? ‘नापास, घरी जा’ म्हणून संस्था हात झटकत असेल, तर ते काळारामाचंच दार. ‘नापास, म्हणजे आम्ही अजून शिकवायला हवं’ असं म्हणून ती पुन्हा पुस्तक उघडत असेल, तर ती परीक्षा म्हणजे कर्जाची कबुली आहे. किती देणं राहिलं हे मोजल्याशिवाय कर्ज फिटत नाही.

पण दुसऱ्या जातीची परीक्षा सडून पहिलीसारखी होते, हेही ध्यानात घ्या. आमच्याकडे एका अभ्यासकेंद्रावर रविवारी लोक भाडं खर्चून यायचे आणि दाराला कुलूप. समंत्रक आलेलेच नसायचे. शिकवायचं नाही आणि परीक्षा मात्र वेळेवर घ्यायची, तर ती फसवणूक. अमेरिकेतही हेच झालं. तिथे कम्युनिटी कॉलेजं गोरगरिबांना, काळ्यांना खुली. ऑकलंडच्या असल्याच एका, मेरिट कॉलेजात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील भेटले. त्यांनी १९६६ साली ब्लॅक पँथर काढली, आणि तिच्यावरून १९७२ साली आपल्या दलित पँथरचं नाव आलं. दार उघडं असलं की काय आत येतं, ते बघा. पण त्याच कॉलेजांत आत आल्यावर इंग्रजी-गणिताची चाचणी घेऊन पोरांना खालच्या वर्गात बसवत, जिथले गुण पदवीत धरत नसत. पुष्कळ जण तिथेच थकून गळाले. शेवटी २०१७ साली कॅलिफोर्नियाला कायदा करून त्या चाचण्यांना आळा घालावा लागला. पोराने शाळेत काय केलं ते आधी बघा, असं सांगावं लागलं.

आता गुणवत्तावाले उठतील. दार सैल केलं की पदवी स्वस्त होते, म्हणतील. त्यांनी मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज बघावं. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते काढलं. नोकरी करणाऱ्या गरिबाला कॉलेज जमत नाही, म्हणून वर्ग सकाळी भरवले. परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाची, सगळ्यांना असते तीच. घड्याळ वाकवलं, पदवी वाकवली नाही. ह्याला दया म्हणत नाहीत. न्याय म्हणतात.

आणि शेवटचं बोलणं आपल्याच माणसांशी. आपल्यातले जे आधी आत गेले, साहेब झाले, ते आज म्हणतात, ‘‘मुक्तची डिग्री का? ती काय डिग्री असते?’’ भाऊ, तुझ्या बापाने सकाळच्या कॉलेजात शिकून रात्री पाळी केली, तेव्हा लोक हेच म्हणत होते. आत गेलेला माणूस पहिलं काम काय करतो? दार धरून ठेवतो की कडी लावतो? ही परीक्षा कोणतंही विद्यापीठ घेत नाही. ती रोज असते, आणि तिचा निकाल बाहेर उभे असलेले लावतात.

तेव्हा परीक्षा घ्या. आम्ही भीत नाही. पण आधी शिकवा, मग विचारा, आणि आम्ही चुकलो तर पुन्हा शिकवा. एवढं ज्याला जमत नाही त्याने दारात उभं राहून दुसऱ्याची पात्रता विचारू नये.