कापसाजवळची विडी

‘हरकत नाही ना?’ असं विचारता विचारताच काडी ओढणारा सहप्रवासी यवतमाळकरांना नवा नाही. शकुंतलेच्या, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर या नॅरोगेज गाडीच्या डब्यात तो हमखास भेटायचा. 1989 च्या रेल्वे कायद्यातलं 167 वं कलम जणू त्याच्यासाठीच लिहिलेलं: डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर विडी-सिगारेट ओढायची नाही. वाचायला सभ्य वाटतं. पण हरकत घ्यायची कुणी? मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईने, समोरच्या चार वडीलधाऱ्यांपुढे? ती पदर नाकाशी धरते आणि खिडकीकडे वळते. तिच्या गप्प बसण्याला संमती समजायचं, ही आपली जुनी सोय.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीला विरोध करणारे आजही तेच मागतात. कायदा कशाला, माणसं आपसात बघून घेतील! आपसात बघून घेताना ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, एवढंच ते सांगत नाहीत.

मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा 2 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने हरकत घेण्याचं हे ओझं हललं. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, न्यायालयं, रेल्वेसकट सगळी सार्वजनिक वाहनं धूरमुक्त ठेवा, असं न्यायालयाने बजावलं. आधार होता जगण्याच्या हक्काचा. मग 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम. बसस्टँड उघडा असला तरी तो ‘मोकळी जागा’ धरायचा नाही, हेही त्यात लिहिलं. दंड दोनशे रुपयांपर्यंत. कायद्याचा धाक त्या दोनशेत नाही, हे आर्णी-दिग्रसच्या स्टँडवर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. पण धूम्रपानबंदीची साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी डब्यातल्या त्या बाईच्या वतीने बोलते. तिला तोंड उघडावं लागत नाही. माझ्या लेखी या कायद्याची खरी कमाई ती.

ओढणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. तीस खोल्यांचं हॉटेल, तीस आसनांचं रेस्तराँ आणि विमानतळ यांना कायद्याने वेगळ्या धूम्रपान कक्षाची मुभा दिली. मार्केट यार्डातल्या हमालाला कुठला कक्ष? साहेबाच्या सिगारेटला पंखा लावलेली खोली आणि हमालाच्या विडीला पावती, हा न्याय नव्हे. ती मुभा काढून टाका, आणि हमालाला दारापासून लांब, उघड्यावरचा एक कोपरा नेमून द्या.

दुसरी तक्रार तितकी टिकत नाही. ‘खर्रा खाणाऱ्याला कुणी बोलत नाही, आमच्याच मागे का?’ 2016–17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटला जाणारा खर्रा आमच्या विदर्भाचा खरा रोग, यात वादच नाही. जिन्याचे कोपरे त्याची साक्ष देतात. तरी खर्रा खाणारा आपलाच जबडा नासवतो; शेजाऱ्याच्या तोंडात तो खर्रा कोंबत नाही. हा कायदा व्यसनाचा निवाडा करायला बसलेलाच नाही. ही दारूबंदी नव्हे. तू ओढ, पण माझ्या श्वासात नको, इतकंच त्याचं म्हणणं.

आता घर. त्याच पाहणीत देशातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर गिळावा लागत असल्याचं दिसलं. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो, आणि थांबावाच. चुलीपाशी शिपाई उभा केलेला मला चालणार नाही. मग तिथे काय चालतं, ते आपल्याच जिल्ह्यात बघा. भाव वाढेल या आशेने कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. सासऱ्यापुढे कधी आवाज न चढवलेली सून तेव्हा बेधडक म्हणते, ‘‘मामाजी, विडी अंगणात ओढा, घरात कापूस आहे.’’ मामाजी मुकाट उठतात. जिनिंगच्या फाटकावर विडी-काडी काढून ठेवतानाही हक्काची भाषा कुणी करत नाही. कापूस विकला जातो, त्याच खोलीत पाळणा येतो, आणि विडीही परत आत येते. सून आता गप्प. कापसाची आग त्याच रात्री दिसते. लेकराच्या छातीतलं नुकसान दिसायला वेळ लागतो.

यंदा कापूस गाडीत भरून गेल्यावर, मामाजी, सुनेने सांगायची वाट पाहू नका. अंगणातली बाज आत घेऊ नका.