उस्तादाचा हक्क

उरणसारख्या गावात धावणाऱ्या मुलाला आधी मैदान शोधावे लागते. मिठागरे, खाजणे आणि कंटेनरच्या गाड्यांनी भरलेले रस्ते यांतून जो तुकडा उरतो त्यावर चुन्याच्या रेघा मारून शाळा धावपट्टी आखते. काही वर्षांपूर्वी अशाच एका तुकड्यावर आमच्या हाती स्टॉपवॉच आले. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक; खेळातले शिक्षण म्हणाल तर बी.एड.ला झालेले शारीरिक शिक्षणाचे चार तास.

आठवीतली एक मुलगी सुरेख धावत असे. तालुक्याच्या स्पर्धेच्या सकाळी ती म्हणाली, "सर, अंग दुखतंय." प्रथमोपचाराच्या पेटीत थर्मामीटर होता. आम्ही तो काढला नाही. काढला असता तर तिला बसवावे लागले असते, हे आम्हाला ठाऊक होते. ती आठशे मीटर धावली, दुसरी आली आणि रेघ ओलांडून खाली बसली ती उठेना. संध्याकाळी तिची आई एवढेच म्हणाली, "सर, तुमच्या भरवशावर पाठवली होती." मुलगी आठ दिवसांत बरी झाली, पण पुन्हा धावली नाही. ढाल मात्र कपाटात आहे.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. धावायला शिकवणाऱ्याची कारकीर्द मोजावी कशाने?

कॉलेजातील प्रशिक्षकाचेच पाहा. लांब पल्ल्याची धावपटू घडायला वर्षे लागतात. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडांना मात्र महिने लागतात. मध्येच घाई केली तर नडगीचे हाड चिरते. पोटाला पुरेसे नसताना फार धावणाऱ्या मुलीची पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. हे सारे प्रशिक्षकाला कळते. पण मुलगी कॉलेजात तीन वर्षेच असते, विद्यापीठाच्या स्पर्धा दरसाल ठरलेल्या असतात, आणि साहेब विचारतात ते पदकांचे. मुलीच्या शरीराचे वेळापत्रक एक, प्रशिक्षकाच्या नोकरीचे दुसरे. नियतीची परीक्षा होते ती इथेच.

आपल्याच महाराष्ट्रात ही परीक्षा धीराने दिल्याचे उदाहरण आहे. नाशिकच्या भोसला मैदानावर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी कविता राऊतला घडवले. ती हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतली. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 साली ती रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉनही धावली. त्याच मैदानावर पुढे संजीवनी जाधव आली. 2017 साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच हजार मीटरमध्ये कांस्य जिंकले. मुली येतात, मोठ्या होतात, जातात. प्रशिक्षक त्याच मैदानावर उद्याच्या मुलीची वाट पाहत उभा असतो.

पण पदक हुकले तर काय? केरळचे ओ. एम. नंबियार हवाई दलातील नोकरीनंतर प्रशिक्षक झाले. त्यांची शिष्या पी. टी. उषा 1984 साली लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. त्या शंभराव्या भागामुळे नंबियारांची वर्षांची मेहनत कमी मोलाची ठरली का? कोणीही समंजस माणूस 'नाही' म्हणेल. मग पदक मिळाले असते तर ती मेहनत अधिक मोलाची ठरली असती, असे तरी कसे म्हणता येईल? मेहनतीचे मोल शर्यतीच्या आधीच ठरलेले असते.

1985 साली प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते. पुरस्काराला नाव दिले गेले द्रोणाचार्यांचे. त्याच द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला होता, हे विसरता येत नाही. ज्याला शिकवलेच नाही त्याच्याकडूनही गुरूने हक्क वसूल केला. आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांत दुसरी रीत आहे. उस्तादाचे नाव घेताना शागीर्द कानाच्या पाळीला हात लावतो. हे कोणी मागत नाही. शागीर्द आपणहून देतो. मागितलेला अंगठा आणि आपणहून घेतलेले नाव, या दोहोंत शिक्षकी पेशाची सारी नीती सामावली आहे, असे आम्हाला वाटते.

आईबाप मूल आपल्या हवाली करतात तेव्हा ती अमानत असते. अमानतीचा वापर स्वतःसाठी करायचा नसतो. ती जशी आली त्याहून बरी करून परत द्यायची असते. मुलगी जिंकली तर आनंद जरूर मानावा. पण धावणे थांबल्यावर तिचे शरीर धड आहे का, आणि तिला पुन्हा धावावेसे वाटते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत प्रशिक्षकाची कारकीर्द असते.

आमच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले. म्हणून आता स्पर्धेच्या सकाळी आम्ही आधी थर्मामीटर काढतो, मग स्टॉपवॉच. गेल्या दोन वर्षांत शाळेला ढाल मिळालेली नाही. कपाटातली जुनी ढाल मात्र आम्ही तिथेच राहू दिली आहे.