साज कुणाला चढतो

सुंदर दिसणाऱ्या गोष्टीवर माणूस चटकन विश्वास ठेवतो. वेबसाइटचं रूप घडवणाऱ्या माझ्यासारख्या बाईचं पोट याच गोष्टीवर चालतं, आणि याच गोष्टीने गेली काही वर्षं माझी झोपही उडवली आहे.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. १९९५ मध्ये जपानात, हिताची कंपनीच्या डिझाइन सेंटरमधल्या मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांपुढे ठेवल्या. कामं तीच, बटणं तीच, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या. कोणती मांडणी देखणी वाटते आणि कोणती वापरायला सोपी वाटते, एवढंच विचारलं. जी देखणी, तीच लोकांना सोपी वाटली. ती खरोखर सोपी होती की नाही, याच्याशी त्या वाटण्याचा संबंध फारच पातळ निघाला. इस्रायलमधले नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना शंका आली की हे जपानी माणसाच्या सौंदर्यप्रेमामुळे झालं असावं, आपल्याकडे असं व्हायचं नाही. त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात करून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. तिथे तर हे नातं आणखी घट्ट निघालं. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वेबसाइट देखणी आहे की नाही, याबद्दल माणसाचं मत ५० मिलिसेकंदांत तयार होतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

म्हणजे मी रंग, अक्षर, मोकळी जागा यांचा मेळ नीट जमवला, की समोरचा माणूस एक शब्दही वाचण्याआधी थोडा सैल होतो. पहाऱ्यावरचा शिपाई जरा बाजूला सरकतो. मग प्रश्न पडतो तो हा : माणसाचा पहारा उतरवण्याचं काम धर्माचं की अधर्माचं?

प्लेटोने याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. ‘गॉर्जियस’ या संवादात तो नटण्यामुरडण्याला व्यायामाची खोटी नक्कल ठरवतो. व्यायामाने शरीर खरंच सुदृढ होतं, साजशृंगाराने ते तसं असल्याचा नुसता भास होतो. म्हणून ती एक प्रकारची खुशामत. आपल्याकडेही रूपाला माया म्हणून हात झटकणारे कमी नाहीत. माझ्या ओळखीचे एक वेदान्ताचे अभ्यासक मला प्रेमाने सांगतात, “अगं, तू पडद्यावर पडदा रंगवतेस.” त्यांचा मला राग येत नाही. पण त्यांचं म्हणणं मी मान्य करू शकत नाही, कारण साधेपणा आपोआप निर्दोष असतो, हे मला कधीच पटलेलं नाही. फिक्या करड्या रंगात बारीक अक्षरांत लिहिलेली अट फार साधी असते. सजावटीचा तिथे मागमूसही नसतो आणि साठीच्या माणसाला ती वाचताही येत नाही. साधेपणाही लपवू शकतो.

माझा स्वतःचा विचार पुढे सरकला तो पुण्यातल्या तांबट आळीत.

कसबा पेठेतली ही आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची. बंब, घंगाळ, हंडे, कळशा इथे हाताने घडायच्या, अजूनही काही घरांत घडतात. तिथल्या एका कारखान्याची वेबसाइट करायचं काम माझ्याकडे आलं. आधी कुणीतरी त्यांना एक नमुना करून दिला होता : जांभळ्याकडून निळ्याकडे जाणारा ग्रेडियंट, मधोमध मोठं वाक्य, त्याखाली गोल कोपऱ्यांच्या तीन चौकटी, प्रत्येकीत एक चिन्ह. आज एआयच्या यंत्राला सांगितलं की मिनिटभरात असं पान मिळतं. हा जांभळा कुठून आला, तेही सांगण्यासारखं आहे. टेलविंड या लोकप्रिय साधनाच्या नमुन्यांमध्ये बटणांचा रंग निळसर जांभळा ठेवलेला होता; जगभर तो जसाच्या तसा उचलला गेला, यंत्रं तेच पाहून शिकली आणि आता तेच परत देतात. टेलविंडचे कर्ते अ‍ॅडम वॉदन यांनी २०२५ मध्ये याबद्दल जाहीर माफीही मागितली, हसत हसत का होईना. तांब्याच्या हंड्याला हा रंग कुणी निवडून दिला नव्हता. तो नुसता येऊन पडला होता.

मी कारखान्यात जाऊन बसले. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवला की मऊ होतो. मग त्याला आकार देतात आणि शेवटी मठारकाम : गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक, ओळीने ठोके घालत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चपटा आरसा होतो, आणि भांडं फिरवलं की उजेड त्या आरशांवरून धावत जातो. मला वाटत होतं ही नक्षी. तिथल्या कारागीर काकांनी एक न मठारलेला पत्रा हातात दिला आणि म्हणाले, “दाबून बघा ताई.” अंगठ्याने तो दबला. मग तयार कळशी दिली. ती तसूभरही हलली नाही. ठोक्यांनी तांबं कडक होतं. जे चमकतं तेच भांड्याला बळ देतं. शोभा वेगळी आणि काम वेगळं असं तिथे काही नव्हतंच. प्लेटोने नटणं आणि व्यायाम यांच्यामध्ये जी भिंत घातली, ती या कळशीपुरती तरी उभी राहत नाही.

माझ्याबरोबरच्या तरुण सहकाऱ्याला लगेच सुचलं की या ठोक्यांची नक्षी पानाच्या पार्श्वभूमीला आणि प्रत्येक बटणाला देऊ या, कुणाकडे नसेल असं रूप मिळेल. मी नको म्हटलं. भांड्यावर ठोका काम करतो. बटणावर त्याला काहीही काम नाही, तिथे तो नुसता सोंग घेऊन बसेल.

त्याच वेळी मला अभिनवगुप्त आठवले. साहित्यशास्त्राशी माझी ओळख ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ने करून दिली आणि तिथून मी हळूहळू ‘लोचन’पर्यंत पोचले. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये, आनंदवर्धनांच्या ‘ध्वन्यालोका’वरच्या त्या टीकेत अभिनवगुप्तांनी दोन दाखले दिले आहेत. प्रेताच्या कानात कुंडलं घातली तरी ती शोभत नाहीत, कारण ज्याला सजवायचं तोच तिथे उरलेला नाही. आणि यतीच्या हातात कडं घातलं तर हसू येतं, कारण तो जिवंत असला तरी ते त्याला साजत नाही. कडं-कुंडल चढतं शरीरावर, पण साज चढतो तो आतल्या चैतन्याला, असा त्यांचा रोख आहे. त्यांच्याच परंपरेतल्या क्षेमेंद्रांनी पुढे औचित्याचं सगळं शास्त्र मांडलं.

पानाच्या बाबतीत हा आतला कोण? हा प्रश्न नीट विचारला तर इतरांहून वेगळं दिसण्याची धडपड आपोआप सुटते. तांबट आळीच्या पानाचं चैतन्य होतं तांबं आणि ते घेणाऱ्या माणसाची गरज. गिऱ्हाईक काय विचारतं? वजन किती, पत्रा किती जाड, आतून कल्हई आहे का. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट पदार्थ ठेवायचा नाही, हे तर कळलंच पाहिजे. मग मी वजनाचा आकडा पानावरचा सगळ्यात मोठा आकडा केला. कल्हईची ओळ भांड्याच्या नावाला लागूनच ठेवली. फोटो खिडकीतल्या तिरप्या उजेडात काढले, म्हणजे ठोके दिसतील आणि हाताचा थोडा वाकडेपणाही दिसेल. पार्श्वभूमी पांढरी ठेवली, तीही किंचित थंड, म्हणजे तांब्याचा रंग उसना घेतलेला वाटणार नाही.

आणि मग काका म्हणाले, “काळं पडलेलंही दाखवा. तांबं काळं पडतंच. नंतर कुणी म्हणायला नको, फसवलं म्हणून.” म्हणून प्रत्येक भांड्याच्या लखलखीत फोटोशेजारी तेच भांडं वापरून काळवंडल्यावर कसं दिसतं, त्याचा फोटो आहे, तितकाच मोठा. चिंचेने घासल्यावर ते पुन्हा कसं उजळतं, तेही आहे. त्या वेबसाइटचं वेगळेपण कशात, असं विचाराल तर ते त्या काळ्या फोटोंत. माझ्या कल्पकतेतून ते आलं नाही, काकांच्या सचोटीतून आलं.

रूप सत्याला झाकतं, असं मानणारे आणि रूपाशिवाय सत्याला पाय नाहीत, असं मानणारे, हा वाद आपल्याकडे सगुण-निर्गुणाच्या नावाने शतकानुशतकं चालत आला. वारकऱ्यांनी त्यात सोपी बाजू घेतली नाही. दोन्ही एकच, असं ज्ञानेश्वरांपासून ते सांगत आले. माझे वडील माळकरी. २०२४ मध्ये पंढरपूरच्या मंदिराचं जतनाचं काम झालं, गाभाऱ्यातल्या भिंतींवरची चांदी काढली आणि आतला जुना दगड उघडा झाला, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. तेच वडील पांडुरंगाच्या पोशाखाबद्दल, तुळशीच्या हाराबद्दल, कपाळावरच्या गंधाबद्दल तासभर बोलू शकतात. यात विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. चांदीने दगड झाकला होता. हाराने, गंधाने विठोबा झाकला जात नाही.

इथपर्यंत आलं की वाटतं, प्रश्न सुटला. पण अभिनवगुप्तांच्या दाखल्यात मला एक अडचण दिसते आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. प्रेतावरची कुंडलं शोभत नाहीत, असं ते म्हणतात. कुणाला? सहृदयाला, रसिकाला, ज्याच्याकडे बघायला वेळ आहे आणि ज्याची नजर तयार आहे त्याला. आमच्या पानांवर येणारा माणूस तसा नसतो. त्याला वीजबिल भरायचं असतं, आईसाठी तपासणीची वेळ घ्यायची असते, महिनाअखेरीला दहा हजार उसने हवे असतात. त्याच्यासमोर कुंडलं घातलेलं प्रेत ठेवलं तर ते चांगलं शोभतं. पन्नास मिलिसेकंदांत शोभतं.

कर्ज देणाऱ्या एका कंपनीने मला तेच करायला सांगितलं होतं. पान सुरेख हवं, शांत हिरवा रंग, भरपूर मोकळी जागा, हसरं कुटुंब. त्यात ‘मान्य आहे’ हे बटण ठळक आणि ‘नको’ हे करड्यावर करड्या अक्षरांत, तेही खाली सरकवल्याशिवाय न दिसणारं. विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण. मी ते काम सोडलं. अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं आणि भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार नावानिशी नोंदवले. कायदा आला हे चांगलंच झालं. पण करडं बटण कायद्याच्या आधीही खोटंच होतं.

तेव्हा रसिकाच्या नजरेवर सोडून देता येईल असं हे काम नाही. बघणाऱ्याला तपासायला वेळ नसेल तर ती तपासणी घडवणाऱ्याने करायची. पान जितकं सुरेख, तितकी ती कडक. सफाईकडे मी आता याच नजरेने बघते. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उठाव किमान साडेचारास एक असावा, असं वेबच्या सुगम्यतेचं प्रमाण सांगतं. मी ते ‘नको’च्या बटणाला आधी लावून बघते.

मराठी पानांवर तर ही तपासणी अक्षरापासून सुरू होते. इंग्रजी शीर्षकात अक्षरं थोडी सुटी केली की ती ऐटदार दिसतात, म्हणून तोच नियम देवनागरीला लावतात आणि शिरोरेषा तुटते; प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं राहतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पान मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं नाही, तर काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात; सांगितलं की पाकळीचा ल आणि देठाचा श हजर. एका ओळीचं काम, पण बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. र. कृ. जोशींसारख्या माणसाने आयुष्य घालून देवनागरीला संगणकावर उभं केलं, आणि आपण तिची शिरोरेषा तोडून ‘आधुनिक दिसतं’ म्हणतो, याचा मला मनापासून त्रास होतो. तुटलेली शिरोरेषा वाचणाऱ्याला सांगते की तुझ्या भाषेत इथे कुणी वाचून पाहिलेलं नाही. आणि ते खरंच असतं.

माझा तरुण सहकारी यावर एक प्रश्न विचारतो, तो अजून माझ्याकडून सुटलेला नाही. तो म्हणतो, “ताई, आता सुरेखपणा यंत्र फुकट देतंय. खऱ्या दुकानाचं पान आणि भामट्याचं पान, दोन्ही सारखीच गुळगुळीत होणार. मग लोक सौंदर्यावर विश्वास ठेवणंच सोडतील, नाही का?” कदाचित सोडतील. तसं झालं तर भामट्यांचं काहीच बिघडणार नाही, ते दुसरी वाट शोधतील. झळ बसेल ती तांबट आळीतल्या काकांना, ज्यांच्या कळशीची चमक खरी आहे.

म्हणून हल्ली काम घेताना करारात मी एक कलम घालते : ‘हो’ आणि ‘नको’ ही दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच ठळकपणाची असतील आणि एकाच वेळी पडद्यावर दिसतील. पुष्कळ जण ते न वाचता सही करतात. काही जण वाचतात आणि विचारतात, याची काय गरज; मग आमचं खरं बोलणं तिथून सुरू होतं. काही जण परत फोन करत नाहीत.