चाचा कीं यंत्रमानव?

यंदाच्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, व त्याच्या निवाड्याचें काम वडीलकीच्या नात्यानें माझ्याकडे आलें. नातवाचें म्हणणें असें कीं, समुद्रावरचे चाचे हे यंत्रमानवांपेक्षां अधिक ‘भारी’. नात म्हणते, यंत्रमानवापुढें चाचा म्हणजे कांहींच नव्हे. ‘भारी’ हा शब्द आमच्या लहानपणीं शालूला किंवा ट्रंकेला लावीत. आतां तो माणसाला लावतात. त्याचा नेमका अर्थ विचारतां दोघांनींही माझ्याकडे कींव आल्यासारखें पाहिलें. तेव्हां ज्याला पाहून आपणही असेंच असावें असें वाटतें तो भारी, अशी व्याख्या मीं आपल्यापुरती ठरविली आणि दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकावयास बसलों.

नातवाचा पक्ष प्रथमदर्शनीं लंगडा वाटला. त्याचा नायक, स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरींतील जॉन सिल्व्हर, तर खरोखरच एका पायाचा! पण मुलाच्या म्हणण्यांत, त्याला स्वतःला ठाऊक नसलेलें, एक तथ्य आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नांवाचा वेल्समधील चाचा १७२२ सालीं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ लढतांना मारला गेला. त्याच्या जहाजावरील नियम १७२४ सालीं लंडनमध्यें छापलेल्या चाच्यांच्या एका इतिहासांत दिलेले आहेत. महत्त्वाच्या कामीं प्रत्येक खलाशाला एक मत. हातीं लागलेल्या ताज्या अन्नावर व मद्यावर सर्वांचा सारखा हक्क. हात किंवा पाय गमावणाऱ्यास सामाइक खजिन्यांतून भरपाई. इतकेंच काय, वाजंत्र्यांना आठवड्यांतून एक दिवस सुटी! त्याच काळीं व्यापारी जहाजांवर कप्तानाचा चाबूक हाच पुष्कळदां कायदा असे आणि खलाशांचे पगार सर्रास कापले जात. चाच्यांपैकीं कितीएक असल्याच जहाजांवरून आलेले होते. (रॉबर्ट्सच्या नियमांत रात्रीं आठ वाजतां दिवे मालवण्याचेंही एक कलम आहे. तें वाचून दाखवितांच नातवाचा चेहरा पडला.) मला वाटतें, चाचा आपल्याला आवडतो तो त्याच्या लुटीमुळें नव्हे. एके दिवशीं त्यानें धन्याला ‘नाहीं’ म्हटलें, म्हणून तो आवडतो. ज्यांचा जन्म ‘होय साहेब’ म्हणण्यांत गेला, त्यांना तर तो फारच आवडतो.

परंतु ही आवड किनाऱ्यावर बसून वाटणारी आहे. १६९५ सालीं हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज सुरतेला परत येत असतां पकडलें. त्यांत मक्केहून परतणारे यात्रेकरू होते. कित्येक दिवस त्यांचा छळ चालला, आणि अब्रू वांचविण्यासाठीं कांहीं स्त्रियांनीं समुद्रांत उड्या टाकिल्या, असें खाफीखान लिहितो. एव्हरी कधींच सांपडला नाहीं. उलट १७१२ सालीं, म्हणजे अवघ्या सतरा वर्षांनीं, त्याच्यावरून रचलेलें नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलें! समुद्रांत उड्या घेणाऱ्या त्या स्त्रियांचीं नांवें मात्र कोणीं टिपून ठेविलीं नाहींत. चाच्याच्या जहाजावर सर्वांना मत असतें. लुटल्या जाणाऱ्या जहाजावर कोणालाच नसतें. शिवाय चाचा कोणाला म्हणावें, हेंही लिहिणाराच्या हातीं असतें. आमच्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचाच म्हणत. ते मराठ्यांचे सरखेल होते, ही गोष्ट इंग्रजांच्या व्यापाराला सोयीची नव्हती.

आतां नातीचा पक्ष. तिचा नायक म्हणजे मंगळावर गेलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी. २००४ च्या जानेवारींत ती तेथें उतरली. नव्वद दिवसांचें काम तिला नेमून दिलें होतें. ती २०१८ सालच्या धुळीच्या वादळापर्यंत चालत राहिली, पंचेचाळीस किलोमीटरहून अधिक. “आणि आजोबा, तिनें कुणाचंच कांहीं लुटलं नाहीं!” हा मुद्दा बिनतोड होता. यंत्राच्या हातून पाप घडत नाहीं, कारण ‘नाहीं’ म्हणण्याची शक्तीच त्याच्या ठायीं नाहीं.

हें निर्दोषत्व माझ्या चांगलेंच ओळखीचें आहे, कारण मीं तें एकदां उसनें घेतलें होतें. फार वर्षांपूर्वीं, मी एका कचेरींत कारकून असतांना, कोठींतील कांहीं सामान नाहींसें झालें. ठपका एका पट्टेवाल्यावर ठेवण्याचें वरून ठरलें. किल्ली त्या दिवशीं त्याच्याजवळ नव्हती, हें मला पक्कें ठाऊक होतें. तरीही अहवालाची स्वच्छ प्रत मींच केली. माझें अक्षर चांगलें, म्हणून तें काम नेहमीं माझ्याकडे येई. त्याला वाचतां येत नसे. बडतर्फीचा कागद घेऊन तो माझ्याकडेच आला, आणि मीं लिहिलेलें मीं त्याला वाचून दाखविलें. “तुम्ही काय करणार, साहेब,” असें म्हणून तो गेला. मीही कित्येक वर्षें स्वतःला हेंच सांगत आलों. चाचा आपलें पाप स्वतःच्या निशाणाखालीं करतो; माझ्याजवळ निशाण नव्हतें, फक्त टांक होता.

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर गेला. तो ज्या शब्दावरून केला, त्याचा अर्थ वेठ. नाटकांत हे कृत्रिम वेठबिगार अखेर बंड करतात आणि साऱ्या मनुष्यजातीचा संहार करतात. एका स्थापत्यकाराला तेवढें जिवंत ठेवितात, कां तर तो त्यांच्यासारखाच हातांनीं काम करतो.

ही कथा सांगतांच नातू टाळ्या पिटून म्हणाला, “म्हणजे शेवटीं ते चाचेच झाले!” नात जराशी थांबून म्हणाली, “पण त्यांना आधीं वेठीला कुणीं धरलं होतं?”

मीं निकाल दिला नाहीं. त्यावर दोघांनींही मिळून माझ्यावर चालढकलीचा आरोप ठेविला, आणि प्रकरण दिवाळीच्या सुटीपर्यंत तहकूब झालें. तोंपर्यंत नात पुठ्ठ्याचा आणि तारांचा एक यंत्रमानव तयार करणार आहे. त्याला ‘नाहीं’ म्हणतां यावें कीं न यावें, हें तिनें अद्याप ठरविलेलें नाहीं.