दारातला श्वान : दया की ऋण?

शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणारे लोक आपण पाहतो. पीडा टळावी म्हणून घातलेली ती पोळी कुत्र्याच्या पोटात जाते हे खरे. पण घालणाऱ्याचे लक्ष कुत्र्याकडे असते का?

पंचबलीमध्ये गाय, कावळा, मुंगी यांच्या बरोबरीने श्वानाचाही वाटा आपण जेवायला बसण्याआधी काढून ठेवायला सांगितला आहे. उरलेले देणे निराळे आणि आधी काढलेला वाटा निराळा. ज्याचा वाटा त्याला दिला म्हणून कोणी दाता ठरत नाही.

हा वाटा त्याचा कसा, हे कोलकात्याजवळच्या मोहनपूरच्या आयसर संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामावरून समजते. अनेक वर्षे ही मंडळी पाळीव नव्हे, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. 95 वेतांतील 364 पिल्लांवर त्यांनी लक्ष ठेवले. सात महिन्यांपर्यंत जगली फक्त 19 टक्के. मृत्यूंपैकी 63 टक्क्यांमागे माणसाचा हात होता. तरीही कुत्री विण्यासाठी जागा शोधते ती माणसाच्या वस्तीलगतच! कारण तिचे अन्न आपल्या उकिरड्यावर आणि उंबऱ्यावर आहे. पोशिंदा माणूस आणि काळही माणूसच. याच गटाचा 2017 चा एक प्रयोग तर मनाला चटका लावतो. अनोळखी माणूस वारंवार भेटत राहिला, तेव्हा नुसते खाणे मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा डोक्यावरून हात फिरवलेल्या कुत्र्यांचा त्याच्यावर अधिक विश्वास बसला.

हजारो वर्षांपूर्वी लांडग्याच्या कुळातला हा जीव आपल्याजवळ आला. त्याने राखण केली, शिकारीत साथ दिली. आता त्याला परतायला रान उरलेले नाही. अशा जिवाबद्दल वाटते ती दया म्हणावी का? मला ते ऋण वाटते. दया मनाला येईल तेव्हा करता येते, ऋणाचे तसे नसते.

आणि ऋण अर्धे फेडून चालत नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी भाकरी त्यांना अपुरी वाटली. आज दुसऱ्याच्या फाटकापाशी बिस्किटे टाकून निघून जाणारे पुष्कळ आहेत. तिथे शाळेत जाणाऱ्या मुलाला कुत्रा चावला, तर त्याच्या आईला आपली भूतदया कशी दिसेल? रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून लस आणि नसबंदी हेही त्या वाट्यातच आले. नसबंदी व लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच जागी परत सोडावे, असे 2023 चे केंद्राचे नियम सांगतात.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे का, ते आज पाहा. ती नसबंदी झाल्याची खूण असते. खाच नसेल, तर उद्या पोळी घालताना नगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागालाही फोन करा आणि गाडी येईल त्या दिवशी तिथे थांबा. ओळखीच्या माणसाच्या हाकेला ते येईल.