चाफ्याला फळ कधी येते?

आमच्या शाळेच्या आवारात सोनचाफ्याचे एक झाड आहे. त्याखाली मी मुलांना फुलाचे भाग दाखवीत होतो. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, चाफ्याला फळ कधी येते?" मी थबकलो. त्या झाडाचे फळ मी पाहिलेच नव्हते. कळी पुरती उमलण्याआधीच ती कुणाच्या देवाला, कुणाच्या वेणीला जाते. इतकी वर्षे आम्ही त्याच्याकडे फूल मागत आलो. त्यालाही काही हवे असेल, हे मनात आले नाही.

मग मी वाचू लागलो. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. (पांढरा देवचाफा या कुळातला नव्हे.) हे कूळ मधमाश्यांहूनही जुने मानतात, त्याच्या फुलांचे सोबती मुख्यतः भुंगेरे. उमललेले फूल आधी स्त्री असते : स्त्रीकेसर परागाची वाट पाहतात, पुंकेसर मिटलेले असतात. स्त्रीकेसरांची वेळ सरली की पुंकेसर फुटून पराग मोकळा होतो. फुलाने आपल्याच परागावर भागवू नये, परागाने माखलेला पाहुणा बाहेरून यावा, अशी ही योजना आहे.

पण शेजारी झाडच उरले नाही तर? चीनच्या युन्नान प्रांतात आग्नेयेकडे 'मॅग्नोलिया सिनिका' हा याच कुळातला वृक्ष आहे. रानात त्याची मोजून ५२ झाडे आढळली, तीही तुटलेल्या जंगलाच्या तुकड्यांत विखुरलेली. फुले येतात, पण फळ फार थोडे धरते. अभ्यासकांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणून हाताने लावला, तेव्हा फळे आणि बिया वाढल्या. हे एकट्याचे दुःख नव्हे. २०१६ सालच्या पाहणीत या कुळातील ३०४ जाती तपासल्या. त्यांतल्या ४८ टक्के धोक्यात निघाल्या.

कुणी म्हणेल, सृष्टीत किती जाती आल्या नि गेल्या. माणसाने मध्ये का पडावे? हा प्रश्न विरक्ताचा वाटतो. पण विरक्ती त्यालाच शोभते, ज्याने काही घेतले नाही. जंगल आपण तोडले. दोन झाडांमधले अंतर आपणच वाढवले. आता मध्ये पडू नये म्हणणे म्हणजे घर लुटून झाल्यावर अपरिग्रहाचे व्रत घेणे. पराग लावणारा हात उपकार करीत नाही, ऋण फेडतो.

दुसरा म्हणेल, मग कलमे करा! कोकणात सोनचाफ्याच्या कलमांच्या बागा उभ्या आहेत. त्यांवर कित्येक घरे चालतात आणि ते चांगलेच आहे. परंतु कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. हजार कलमे लावली तरी एकाच जिवाच्या हजार सावल्या. एक रोग आला तर सगळ्या एकसारख्याच हरायच्या. बी मात्र आईसारखेही नसते, बापासारखेही नसते. शिवाय चाफ्याचे बी कणगीत धान्य ठेवावे तसे ठेवता येत नाही; सुकले की त्याची रुजण्याची ताकद लवकर जाते. ते ताजेपणी मातीत पडावे लागते.

तेव्हा वाचवणे म्हणजे डोकी मोजणे नव्हे, साठवणेही नव्हे. एका जिवाला परक्या जिवाची भेट होईल, एवढी वाट मोकळी ठेवणे म्हणजे वाचवणे. पाटीवर मुलाचा हात धरून मी अक्षर गिरवून घेतो, तो हात जन्मभर धरून ठेवण्यासाठी नव्हे. रान पुन्हा जोडले गेले, भुंगेरे परतले, की माणसाचा हात सुटला पाहिजे. तो सुटणारच नसेल, तर आपण झाड वाचवले नाही. त्याला फक्त पोसले.

यंदा वरच्या एका फांदीची फुले तोडायची नाहीत, असे आम्ही ठरवले. रोज पूजेला फुले नेणाऱ्या आजी रागावल्या : "अहो गुरुजी, देवाचे फूल अडवता?" मला उत्तर सुचेना. ती मुलगीच म्हणाली, "आजी, बाकीच्या सगळ्या फांद्या देवाच्या. एवढी एक झाडाची."

आजी काही बोलल्या नाहीत. पण त्या फांदीला अजून कुणी हात लावलेला नाही.