कसूर आणि जिम्मेदारी

आजारी पडणे हा माणसाचा कसूर असतो का? तोंडाने आपण सगळे ‘नाही’ म्हणतो. पण मधुमेह्याचा आकडा वाढला की घरातली, मोहल्ल्यातली मंडळी पहिला सवाल करतात, “काय खाल्लंत?” विचारण्यात माया असते, पण निकाल आधीच लागलेला असतो.

स्टेरॉइडचेच पाहा. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिसोन प्रथम दिले गेले आणि १९५० साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत हे औषध जीव वाचवते. मात्र त्याच्यामुळे यकृत जास्त साखर सोडते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. सकाळी प्रेडनिसोलोनची गोळी घेतली की साखर दुपारनंतर चढते, संध्याकाळी भडकते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. म्हणजे परहेज कडक पाळणाऱ्याचाही आकडा चढतो. मग कसूर कोणाचा?

आम्ही शिक्षक लोक माणसाला आकड्याने तोलायला फार लवकर शिकतो. ३५ गुण मिळाले तर पास, ३४ मिळाले तर नापास. हीच नजर आपण रोग्याच्या रिपोर्टकडे वळवतो. गुण उत्तरपत्रिकेवर पडतात, साखरेचा आकडा मात्र चारित्र्यावर पडलेला शेरा नव्हे. शेऱ्याच्या भीतीने रोगी आकडा लपवू लागतो आणि लपवलेल्या आकड्यावर इलाज होत नाही.

मग रोग्यावर काहीच जिम्मेदारी नाही का? आहे, आणि ती भारी आहे. इन्सुलिन पंप वापरणाऱ्याचे उदाहरण घेऊ. कमरेला लावलेले हे छोटे यंत्र बारीक नळीतून त्वचेखाली दिवसभर थोडे थोडे इन्सुलिन सोडते. जेवणाच्या वेळी वेगळा डोस द्यावा लागतो. स्टेरॉइड सुरू झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपार-संध्याकाळची मात्रा वाढवायची, रात्रीची जपून ठेवायची. स्टेरॉइड कमी होत जाईल तसे इन्सुलिनही कमी करायचे, नाहीतर साखर धोकादायक उतरते. घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचेच. नळी अडकली तर काही तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते. एवढे सारे सांभाळणाऱ्याला आपण ‘बेपर्वा’ म्हणतो!

कसूर मागे पाहतो, जिम्मेदारी पुढे पाहते. कसूर एकट्याच्या गळ्यात बांधता येतो, जिम्मेदारी मात्र वाटून घेता येते. २०२० साली डेक्सामेथासोनने कोविडच्या गंभीर रुग्णांचे प्राण वाचू शकतात हे सिद्ध झाले. २०२१ साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने थैमान घातले, तेव्हा वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणे होती. त्या लोकांना ‘काय खाल्लंत’ विचारून काय मिळाले असते? गरज होती ती गोळी लिहून देणाऱ्याने साखरेबद्दल बजावण्याची आणि घरच्यांनी दुपार-संध्याकाळी ती तपासण्याची.

पंप महाग असतो, सर्वांना परवडत नाही. पण त्याच्या कामाची रीत कोणालाही घेता येईल. आकडा का चढला याचा जाब तो मागत नाही. आता किती द्यायचे, एवढेच तो पाहतो.